साखरेवर कौटुंबिक नियंत्रण
बाबांच्या मधुमेहाचे व्यवस्थापन आमच्या घराण्याने आदर्श पातळीवर नेले आहे. साखर हद्दपार केली. तिच्या जागी गूळ आणला, कारण तो नैसर्गिक असल्याने रक्तात शिरताना संकोचतो. एकादशीला भात वर्ज्य, सबब साबुदाण्याची खिचडी दोन वाट्या. रक्त द्यायच्या आदल्या दिवशी मात्र कडकडीत पथ्य: कारल्याचा रस, मेथीदाणे, शतपावलीऐवजी सहस्रपावली. उपाशीपोटीची शुगर 110 आली की पेढा. तोही अर्धाच, उरलेला अर्धा नंतर.

परवा डॉक्टरांनी एचबीएवनसी करायला लावली. ही चहाडखोर तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणजे आदल्या दिवशीच्या घामाला काडीची किंमत नाही! आकडा आला 9.2. घरात तातडीची बैठक भरली. लॅब बदलण्याचा ठराव बाबांनी मांडला, आईने अनुमोदन दिले आणि सर्वांचे तोंड गोड करून सभा बरखास्त झाली.