प्रियसचे अनेकवचन

मोटारउद्योगात एखाद्या गाडीला नाव देणे आणि त्या नावाचे घराणे स्थापन करणे या दोन भिन्न कृती आहेत. पहिलीत एका वस्तूपुरता विचार केला की भागते, तर दुसरीत अजून जन्माला न आलेल्या आणि एकमेकींशी कदाचित मुळीच न जुळणाऱ्या वस्तूंसाठीही एक आडनाव आधीच राखून ठेवावे लागते. या दुसऱ्या कृतीला नाममुद्रेचा विस्तार म्हणता येईल, म्हणजे एका मालाने बाजारात मिळवलेल्या पतीवर दुसरा माल विकणे, आणि या विषयाच्या अभ्यासकाला टोयोटा कंपनीच्या प्रियस या हायब्रिड गाडीइतके उद्बोधक व त्याच वेळी इतके करमणुकीचे उदाहरण सहसा सापडणार नाही.

हायब्रिड या शब्दाचा थोडा खुलासा येथे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हा शब्द मोटारींच्या कितीतरी आधी, १९६४ मध्ये प्रसृत झालेल्या सीएसएच-१ या ज्वारीच्या संकरित वाणामागोमाग पोचला, आणि ‘हायब्रिड’ म्हणजे उतारा भरपूर पण भाकरीला चव नाही, असा त्याचा अर्थ रूढ होऊन तो पुढे वडीलधाऱ्यांनी मोकळ्या मनाने नव्या पिढीलाही लावला. मोटारीच्या संदर्भात हायब्रिड म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर ही दोन्ही जिच्यात असतात, आणि ब्रेक लावताना एरवी उष्णता होऊन वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग जी बॅटरीत साठवते, अशी गाडी. प्रियसमध्ये इंजिन आणि वीज यांच्यातील वाटणी दंतचक्रांची एक छोटी ग्रहमाला करते: मध्यभागी ‘सूर्य’, त्याच्याभोवती फिरणारे ‘ग्रह’ आणि सर्वांना वेढणारे ‘वलय’ अशी तिची रचना असून इंजिन ग्रहांच्या चौकटीला, एक विद्युतयंत्र सूर्याला आणि दुसरे वलयाला जोडलेले असते. या दोन विद्युतयंत्रांना अभियंत्यांनी एमजी-१ आणि एमजी-२ म्हटले व ते कामाला लागले. बॉनेटच्या आत नामकरणाचा वाद कधी झाल्याचे दिसत नाही, जे काही झाले ते सगळे बॉनेटच्या बाहेर झाले.

नावांच्या बाबतीत ही कंपनी नवशिकी होती असे मात्र म्हणता येणार नाही. तिने १९५५ मध्ये क्राऊन आणली, १९५७ मध्ये कोरोना आणि १९६६ मध्ये कोरोला. यांपैकी पहिले नाव इंग्रजीत मुकुट, दुसरे लॅटिनमध्ये मुकुट आणि तिसरे लॅटिनमध्येच छोटा मुकुट, आणि नंतर आलेल्या कॅमरीचे नाव ‘कान्मुरी’ या जपानी शब्दावरून घेतलेले असून त्याचाही अर्थ मुकुटच. एकाच दागिन्यावर इतक्या गाड्या घडवूनही कंपनीने त्यांच्या नात्याचा कोठे गवगवा केला नाही, आणि आयुष्यभर कोरोला चालवलेल्या कोट्यवधी माणसांना आपण कोणाच्या घराण्यात मोडतो याची गंधवार्ता नसूनही त्यांचे काही अडले नाही. घराणे चालवण्याची ही जुनी, अबोल पद्धत कंपनीने प्रियसच्या बाबतीत का सोडली, हा खरा प्रश्न आहे.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानच्या बाजारात आलेल्या या गाडीला ‘आधी’ अथवा ‘पूर्वी’ या अर्थाचा लॅटिन शब्द नाव म्हणून देण्यात आला, कारण भविष्यकाळ उगवण्याआधीच ती येऊन ठेपली आहे असे कंपनीला सुचवायचे होते. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली ती पहिली हायब्रिड गाडी असल्यामुळे हा दावा जपानपुरता निर्वेध होता. अमेरिकेत मात्र ‘आधी’ या नावाची ही गाडी २००० मध्ये उतरली तेव्हा होंडाची इनसाइट डिसेंबर १९९९ पासूनच तेथे विकली जात होती. आणि इतिहास अधिकच खोल खणायचा म्हटले तर फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास इंजिन आणि वीज यांचा मेळ घातलेली गाडी तयार केली होती, जिचे नावही लॅटिन, सेम्पर व्हायव्हस म्हणजे ‘सदाजीवित’, असे होते. सदाजीवित गाडी लवकरच बंद पडली आणि शंभर वर्षांनी आलेली ‘आधी’ ठरली, यावरून लॅटिन भाषेत वाहनाचे भविष्य वर्तवू नये एवढाच निष्कर्ष काढता येतो.

प्रियसची कीर्ती पसरल्यावर, जानेवारी २०११ मध्ये, डेट्रॉइटच्या वाहनप्रदर्शनात टोयोटाने यापुढे प्रियस ही एक गाडी नसून कुटुंब आहे, असे घोषित केले. थोरल्या प्रियसच्या जोडीला सामानसुमान आणि माणसे अधिक सामावणारी ‘प्रियस व्ही’, शहरासाठी लहान ‘प्रियस सी’, आणि भिंतीतल्या प्लगवर चार्ज होणारी प्लग-इन प्रियस असा हा परिवार होता. यातील व्ही हे अक्षर बहुगुणीपणाच्या आणि सी हे शहराच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर. परंतु मूळ नाव लॅटिन असल्यामुळे अक्षरेही रोमन पद्धतीने वाचण्याचा मोह कोणाही अभ्यासकाला आवरत नाही, आणि तसे वाचले तर मोठीला पाच व धाकटीला शंभर असे गुण मिळालेले आढळतात. त्यातही अमेरिकेत प्रत्येक गाडीच्या सोयींनुसार ठरणाऱ्या श्रेणींना, ज्यांना आपल्याकडे बोलीत ‘बेस मॉडेल’ आणि ‘टॉप मॉडेल’ म्हणतात, टू, थ्री, फोर, फाइव्ह असे क्रमांक दिलेले होते, त्यामुळे ‘प्रियस व्ही फाइव्ह’ या नावाची गाडी खरोखर विकली गेली, जिचा रोमन वाचनाने अर्थ ‘आधीची पाच पाच’ असा होतो. तिच्यात आसनेही पाचच होती, हा योगायोग मानावा लागेल. हीच गाडी जपानमध्ये ‘प्रियस आल्फा’ आणि युरोपात ‘प्रियस प्लस’ या नावाने सात आसनांसह मिळत असे, म्हणजे तिन्ही खंडांत मिळून तिच्या नावात ग्रीक, लॅटिन व अंकगणित या तिन्ही शास्त्रांना प्रतिनिधित्व मिळाले.

कुटुंब झाले म्हटल्यावर अनेकवचनाची गरज उत्पन्न झाली, आणि येथे कंपनीने जो मार्ग पत्करला तो भाषाशास्त्राच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखा आहे: तिने प्रियसचे अनेकवचन काय असावे यावर अमेरिकेत जनतेचे मतदान घेतले. उमेदवार पाच होते. न बदलणारे ‘प्रियस’, साध्या इंग्रजी वळणाचे ‘प्रियसेस’, जुन्या इंग्रजी अनेकवचनांची आठवण देणारे ‘प्रीएन’, लॅटिन एकवचनासारखे दिसत असूनही अनेकवचनाच्या जागेसाठी उभे राहिलेले ‘प्रीअम’, आणि शेवटी रेडियसचे अनेकवचन रेडिआय होते त्या चालीवरचे ‘प्रीआय’. अठरा लाखांहून अधिक मते पडली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात प्रीआय विजयी झाल्याचे घोषित झाले, तेही सुमारे २५ टक्के मतांवर. चारातल्या तिघांना नको असलेला उमेदवार निवडून येण्याची ही रीत मतविभागणीची सवय असलेल्या वाचकाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

दुर्दैव असे की व्याकरण मतपेटीला जुमानत नाही. लॅटिनमध्ये प्रियस हे रेडियससारखे पुल्लिंगी नाम नसून ‘प्रायर’ म्हणजे ‘अधिक आधीचा’ या विशेषणाचे नपुंसकलिंगी रूप आहे, आणि त्याचे शुद्ध अनेकवचन ‘प्रियोरा’ असे होते, जे पाचांपैकी कोणत्याही उमेदवाराच्या जवळपासही नव्हते. याहून मोठी अडचण अशी की प्रियोरा हे नाव रिकामे नव्हते: व्होल्गाकाठच्या तोल्याती शहरातील रशियन कारखाना २००७ पासून ‘लाडा प्रियोरा’ नावाची गाडी काढत होता, जी निव्वळ पेट्रोलवर चालत असे आणि जिचा हायब्रिड तंत्राशी काडीमात्र संबंध नव्हता. त्यामुळे व्याकरण काटेकोर पाळायचे ठरवल्यास दोन प्रियस विकत घेणाऱ्या माणसाच्या दारात शास्त्रतः एक लाडा उभी राहते.

मराठीत हा प्रश्न अधिक नाजूक झाला असता. ‘गाडी’ स्त्रीलिंगी असल्याने मराठी माणूस गाडीच्या नावालाही स्त्रीलिंगच देतो, आणि अकारान्त स्त्रीलिंगी नामांना ‘म्हैस–म्हशी’ हा नियम लावला तर प्रियसचे अनेकवचन ‘प्रियशी’ होते, जे प्रेयसीच्या इतके निकट आहे की एखाद्या सभासदाने ‘आपल्या दोन प्रियशी’ उभ्या करण्यासाठी जागा मागितली, तर सोसायटीच्या इतिवृत्तात ते नोंदवताना सचिवाचा हात अडखळला असता. सुदैवाने २०१० मध्ये भारतात आलेली प्रियस परदेशातून तयार आयात होत असल्यामुळे तिची किंमत २५ लाखांच्या वर गेली आणि एका दारात दोन उभ्या राहण्याची वेळ क्वचितच आली असावी. मराठी व्याकरणाचे रक्षण अनेक विद्वानांनी केले आहे, पण सीमाशुल्काने केलेले हे बहुधा एकमेव.

घराण्याचे पुढे काय झाले, हे थोडक्यात सांगता येते. अमेरिकेत प्रियस व्ही २०१७ मध्ये आणि प्रियस सी २०१९ मध्ये संपली. याउलट तीच धाकटी सी जपानमध्ये आडनाव न लावता नुसत्या ‘अक्वा’ या नावाने डिसेंबर २०११ मध्ये आली होती, २०१३ मध्ये ती त्या देशात सर्वाधिक खपलेली गाडी ठरली, आणि २०२१ मध्ये तिची नवी पिढीही निघाली. वडिलोपार्जित नाव घेतलेली निवृत्त झाली आणि स्वतःच्या नावावर राहिलेली टिकली, याचे कारण बाजारपेठांच्या फरकात अधिक आहे हे मान्य करूनही हा निकाल नाममुद्रेच्या शास्त्राला अडचणीचाच आहे. प्लग-इन बहिणीला २०१६ मध्ये ‘प्रियस प्राइम’ हे नवे नाव मिळाले, आणि त्यात कंपनीकडून नकळत एक व्याकरणशुद्ध गोष्ट घडली, कारण प्राइमच्या मुळाशी असलेला ‘प्रीमुस’ हा शब्द म्हणजे त्याच लॅटिन विशेषणाचे तमभावाचे रूप. प्रियस हे ‘तर’ आणि प्रीमुस हे ‘तम’, म्हणजे पूर्वतर आणि पूर्वतम असा तरतमभाव एकाच गाडीच्या पाठीवर पूर्ण झाला होता. २०२५ च्या मॉडेलपासून अमेरिकेत प्राइम काढून टाकून तिला पुन्हा सरळ ‘प्रियस प्लग-इन हायब्रिड’ म्हणू लागले. तंत्रज्ञान मात्र या सर्व काळात आडनावाची वाट न पाहता जुन्या अबोल मुकुटांकडे गेले होते: त्याच २०२५ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील कॅमरी केवळ हायब्रिडच मिळते.

भारतात या आडनावाने जागाच बदलली. किर्लोस्करवाडीच्या नांगरांनी नावारूपाला आलेल्या उद्योगघराण्याशी टोयोटाची भागीदारी झाली ती १९९७ मध्ये, म्हणजे प्रियसच्याच जन्मवर्षी, आणि या टोयोटा किर्लोस्कर कंपनीने २०२२ मध्ये हायब्रिडमधला ‘हाय’ नावाच्या शेपटाऐवजी तोंडाला लावून हायरायडर आणि हायक्रॉस या दोन गाड्या सादर केल्या. हायरायडर मारुतीच्या घरी ग्रँड व्हिटारा म्हणून नांदते आणि हायक्रॉस २०२३ पासून इन्व्हिक्टो म्हणून, त्यामुळे कोण कोणाची कोण हे सांगायला शोरूममध्ये विक्रेत्याऐवजी कुळाचा इतिहास जाणणारा उपाध्यायच बसवावा लागेल. त्यातही हायक्रॉस साध्या पेट्रोल इंजिनावर, हायब्रिड यंत्रणेशिवायही मिळते. त्या आवृत्तीच्या नावातला ‘हाय’ कंपनी बॉनेटखाली देत नाही, तो मालकाने पंपावर टाकी भरताना स्वतः म्हणायचा असतो.