तारीखरेषेवरचा यवतमाळकर

यवतमाळजवळच्या भारी गावातल्या धावपट्टीवरून नियमित प्रवासी विमान उडत नाही. यवतमाळकराला विमान गाठायचं तर आधी दुसरं शहर गाठावं लागतं. अशा गावात आतल्या खोलीत जॉयस्टिक धरून संगणकावर टोकियो-होनोलुलू विमान उडवणारा गृहस्थ लोकांना रिकामटेकडा वाटला तर नवल नाही. माझं म्हणणं मात्र असं, की अख्ख्या आळीत वेळेचा हिशेब चोख ठेवणारा हा एकटाच. त्याची शनिवारची फेरी बघा. टोकियोतून रात्री नऊला उड्डाण, म्हणजे यवतमाळात साडेपाच. साडेआठला कीबोर्डशेजारी ताट ठेवून तो मारुतीचा उपास सोडतो. सात तासांनी चाकं टेकतात तेव्हा इथे रविवार लागून अर्धा तास झालेला असतो आणि होनोलुलूत वाजलेले असतात शनिवारचे सकाळचे नऊ. निघण्याच्या बारा तास आधीच स्वारी पोचली! आता उपास पुन्हा धरायचा का, याचं उत्तर कुठल्याच पंचांगात नाही. वैमानिक यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ पाळतात म्हणून हाही पाळतो. "अहो, गिरणी कितीला बंद होते?" या प्रश्नाला तो "पंधरा-तीस" म्हणतो. दळण अर्थातच बायको आणते.

"बटणं दाबून कोणी पायलट होते का बे?" असं टपरीवर विचारतात. होत नाही, कबूल. पण मार्ग आखणं खोटं नसतं. जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर. त्या मानानं इंधन धरावं लागतं, भर पॅसिफिकमध्ये अडीअडचणीला उतरायला मिडवेसारखं बेट हेरावं लागतं. (वीज गेली तर मिडवेही कामाचं नाही, म्हणून इन्व्हर्टर.) शिवाय 180 रेखांशावर पूर्वेचं पश्चिम होतं आणि गाफील प्रोग्राम उलट्या दिशेनं पृथ्वीभर रेघ ओढतो. यात हसण्यासारखं काही नाही. फेब्रुवारी 2007मध्ये हवाईहून ओकिनावाला निघालेल्या अमेरिकेच्या एफ-22 लढाऊ विमानांचे संगणक याच रेषेवर कोलमडले आणि ती विमानं इंधनवाहू विमानांच्या मागोमाग मुकाट परतली. आमच्या गृहस्थानं ही गोष्ट आळीत सगळ्यांना ऐकवली आहे, काहींना दोनदा.

तारीखरेषाच जर काल्पनिक, तर एवढा जीव का काढायचा, असंही कोणी म्हणेल. काल्पनिक खरी, पण सामोआ देशानं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून ती ओलांडली आणि 2011चा 30 डिसेंबर तिथे उजाडलाच नाही. तिथीचा क्षय आपण निमूट मानतो, तिथे अख्खी तारीख गेली. आज सामोआतलं आपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो यांच्यात यवतमाळ-नागपूरपेक्षा कमी अंतर आहे, घड्याळं तंतोतंत जुळतात, फक्त वार वेगळा. तारीख माणसांनीच ठरवलेली असते, हे ज्याला कळलं तो वेळ काटेकोर पाळतो. आपण मात्र पाच मिनिटांत येतो म्हणून तासाभरानं पोचतो. तेव्हा त्याच्याकडे जरूर जा, पण शनिवारी साडेपाचनंतर नको. दार उघडणार नाही.