भट्टी आणता, तर समितीही आणा

चेर्नोबिलची अणुभट्टी 26 एप्रिल 1986 रोजी फुटली. तीन वर्षांनी, मे 1989 मध्ये, जगभरच्या अणुवीज केंद्रांच्या चालकांनी मॉस्कोत ‘वानो’ ही संघटना उभी केली. बर्लिनची भिंत तेव्हा जागेवरच होती, तरी अमेरिकन आणि सोव्हिएत एकत्र बसले. एका केंद्रातला दोष दुसऱ्याला कळलाच पाहिजे, हे सगळ्यांना पटले होते. 1990 मध्ये देशोदेशींच्या अणुविज्ञान संस्थांनीही आपली आंतरराष्ट्रीय परिषद स्थापली. आपली इंडियन न्यूक्लिअर सोसायटी त्याआधी दोन वर्षे अणुशक्तीनगरात सुरू झाली होती.

सरकारांनी या सहकार्यात वेळोवेळी पाचर मारली. 1998च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष राजगोपाल चिदंबरम यांना अमेरिकेने व्हिसा नाकारला. त्यांना जायचे होते कुठे, तर स्फटिकशास्त्राच्या बैठकीला! तो निर्णय चूकच होता. 2008 मध्ये अणुपुरवठादार गटाने भारताला सूट दिली आणि दार उघडले. त्या दारातून आत काय आणायचे, हे मात्र आपण ठरवायचे आहे.

जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पासाठी फ्रान्सशी बोलणी वर्षानुवर्षे चालली आहेत. सहा भट्ट्या, त्यांची किंमत, अपघात झाल्यास भरपाई कुणी द्यायची, सगळे बोलून होते. फ्रान्समधली एक गोष्ट मात्र कुणी मागत नाही. तिथे अणुकेंद्रांना जोडून स्थानिक माहिती समिती असते. लोकप्रतिनिधी, कामगार संघटना, पर्यावरण संस्था, तज्ज्ञ असे सगळे तिच्यात बसतात. 2006च्या कायद्याने तिला बळ दिले. तिने विचारलेल्या प्रश्नाला केंद्रचालकाला मुदतीत उत्तर द्यावे लागते. संशय आला तर ती बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतः मोजमाप करून घेते.

रायगडमधल्या आपटा गावात राहणाऱ्याला या समितीचे मोल समजावून सांगावे लागत नाही. शेजारी रसायनीचे कारखाने, गावाशी पाताळगंगा. रात्री हवेत उग्र वास आला की पहिला प्रश्न हाच, विचारायचे कुणाला? थळचा जड पाण्याचा प्रकल्पही आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. आणि फुकुशिमानंतर जेमतेम महिनाभराने, 18 एप्रिल 2011 रोजी, जैतापूरविरोधी आंदोलनात नाट्याला पोलिसांचा गोळीबार झाला, एक माणूस गेला. लोक प्रश्न घेऊन आले होते. त्यांचे ऐकून उत्तर देणे ज्याला कायद्याने बंधनकारक आहे, असे कुणीच समोर नव्हते.

म्हणून मागणी सरकारकडे नाही, अणुशक्तीनगरातल्या इंडियन न्यूक्लिअर सोसायटीकडे आहे. फ्रेंच अणुसंस्थेशी पुढची बैठक ठरेल तेव्हा तिथल्या एखाद्या माहिती समितीचे दोन-चार सदस्य बोलवा. त्यांना मुंबईच्या सभागृहात बसवू नका, साखरी नाट्याच्या जेटीवर न्या. दुभाषा मराठीचा घ्या. आणि त्या दिवशी प्रश्न मच्छीमारांना विचारू द्या.