विश्रांतीचं टार्गेट

नोकरीनं माणूस आतून पार करपून जातो, या अवस्थेची नोंद जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली रोगांच्या वर्गीकरणात केली. आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण वेळेत न आवरल्याचा परिणाम म्हणून. लक्षणं तीन: थकवा, कामाचा तिटकारा आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. यातली तिसरी माझ्याबाबतीत साहेबांना पहिल्यापासूनच होती. उरलेली दोन मला झाली, तेव्हा मी रजा टाकून पुण्याहून आजऱ्याला काकांकडे गेलो.

विश्रांतीत ढिलाई नको म्हणून जाताना एक्सेल शीट तयार करून नेलं होतं. सहाला ध्यान, सातला रामतीर्थ, आठला हिरण्यकेशी नदीकडे बघत मन रिकामं करणे. प्रत्येकाला अलार्म. पण आजऱ्याचा जुलै तो! छपरावर पाऊस असा कोसळत होता की श्वासावर लक्ष देणं सोडाच, अलार्मसुद्धा ऐकू येईना. दुपारपर्यंत विश्रांतीचा एवढा बॅकलॉग साचला की मी डोकं धरून बसलो.

“काय काम करतोस रं तिकडं?” काकीनं विचारलं.

“कॉम्प्युटरवर. बसून.”

“बसून दमलास व्हय? मग जरा वाकून बघ,” म्हणत तिनं मला घनसाळच्या रोपलावणीला नेलं.

भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या सुवासिक भाताची रोपं मी अशी लावली की मागून येणाऱ्या बायका ती उपटून पुन्हा लावत होत्या. इथवर सगळं ऑफिससारखंच. कंबर त्यांचीही मोडली होती; पण दिवस कलला तशा त्या बांधावर आल्या, पाय धुतले आणि घरी गेल्या. रात्री अकराला ‘उरलेल्या वाफ्याचं काय झालं?’ असा मेसेज कुणाला आला नाही.

तेव्हा आठवलं, मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र करून मालकांकडे मागितली म्हणून. पहाटे उठून ध्यान केल्यानं नव्हे.

परतल्यावर मीही छाती काढून साहेबांना सांगितलं, “रात्री आणि रविवारी फोन नको. दोघांचं काम एकाच्या गळ्यात नको.” साहेबांना ते फारच पटलं. त्यांनी लगेच सगळ्या ऑफिससाठी तणावमुक्ती शिबिर जाहीर केलं. रविवारी, सकाळी सातला. हजेरी सक्तीची.

अनुभवी माणूस म्हणून आयोजन माझ्याकडे.