संचालकसाहेब, आपल्याला साष्टांग

श्रीमान संचालकसाहेब,
जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक (साताऱ्याची असो वा सांगलीची),



प्रथम आभार. पक्षांना पैसा पुरवायला दिल्लीकरांनी काय खटाटोप केला! कंपनीनं स्टेट बँकेतून निवडणूक रोखे घ्यायचे, देणाऱ्याचं नाव झाकायचं, पक्षानं पंधरा दिवसांत वटवायचे. शेवटी 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं सगळंच घटनाबाह्य ठरवलं. असला द्राविडी प्राणायाम आपण कधीच केला नाहीत. आपल्याकडे पैसा पक्षाकडे जात नाही, पक्षच बँकेत येऊन बसतो.

आपल्या एकोप्याबद्दलही ऋणी आहोत. 2021 च्या निवडणुकीत सातारा बँकेच्या संचालकांच्या 21 पैकी 11 जागा बिनविरोध झाल्या. भाजपचे उदयनराजे आणि शिवेंद्रसिंहराजे, राष्ट्रवादीचे रामराजे, सगळे एकही मत न पडता आत! विधानसभेला झेंड्यापायी आम्ही सख्ख्या भावाशी बोलणं टाकतो. आपण मात्र झेंडे बाहेर चपलांपाशी ठेवून येता. केवढी ही शिस्त!

उरलेल्या जागांवर जे झालं, त्यातून आपल्या खुर्चीचं मोल कळलं. पाटणमध्ये खुद्द तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री शंभूराज देसाई पडले. राज्याच्या अर्थ खात्यात मंत्री असताना माणसाला गावोगावच्या सोसायट्यांच्या गटातून उभं राहावंसं वाटतं! जावळीत राष्ट्रवादीचे शशिकांत शिंदे एका मतानं हरले, तेव्हा त्यांच्या समर्थकांनी स्वतःच्याच पक्षाच्या कार्यालयावर दगड मारले. पीककर्ज मिळालं नाही म्हणून एवढं चिडलेलं आम्ही कुणाला पाहिलं नाही.

मतदानाचा त्रास आम्हाला दिला नाहीत, हेही उपकारच. गावच्या सोसायटीतून एकाच्या नावाचा ठराव होतो आणि तोच मत देतो. मतदान जवळ आलं की अशा ठरावधारकांना हवापालटासाठी सहलीला नेण्याची आपली माया तर सर्वश्रुत आहे.

शिवाय आपली भरभराट पाहून ऊर भरून येतो. सांगली बँकेच्या 2021 च्या निवडणुकीनंतर तिचं अध्यक्षपद तेव्हाचे आमदार मानसिंगराव नाईकांकडे गेलं. साताऱ्याचे अध्यक्ष नितीन पाटील 2024 ला थेट राज्यसभेत पोचले. सहकारी बँकेत संचालकाला सलग आठच वर्षं राहता यायचं. संसदेनं 2025 ला ती दहा केली. दोन वर्षांची मुदतवाढ मागायला आमचं कर्जखातं मात्र कुठल्या सभागृहात न्यावं?

आमची कागदपत्रं आपण किती बारकाईनं तपासता! सातबारा, आठ-अ, बेबाकी दाखला, जामीनदार. आणि वसुली परस्पर ऊसबिलातून. कारखान्याच्या कोट्यवधींच्या कर्जाला ही कटकट नाही. मागणारे आपण, मंजूर करणारेही आपलेच, मग ओळख कसली पटवायची?

आपल्या घराण्याची थोरली पाती म्हणजे राज्य सहकारी बँक. तिचं संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेनं मे 2011 मध्ये बरखास्त करायला लावलं, तेव्हा त्यात झाडून साऱ्या पक्षांची माणसं निघाली. त्याआधी 2010 ला याच बँकेनं थकीत कर्जापोटी कोरेगावचा जरंडेश्वर कारखाना लिलावात काढला. तो कवडीमोलानं गेला, असा ईडीचा आरोप आहे. निकाल कोर्ट देईल. सभासदांची मालकी मात्र तारीख न पडता गेली.

आता एकच विनंती. आम्ही थकलो की सोसायटीच्या फळ्यावर आमची नावं लागतात. त्याशेजारी संचालकांच्या संस्थांची कर्जंही लावावीत: संस्थेचं नाव, रक्कम, थकबाकी आणि पक्ष. रक्कम शाईनं लिहावी. पक्षाचा रकाना तेवढा पेन्सिलीनं भरावा, म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर खोडायला सोपं जाईल.

आपला आज्ञाधारक,
एक सभासद
(कागदोपत्री मालक)