पेन आहे का?

यवतमाळच्या मेन लाईनमध्ये वह्या-पुस्तकांच्या दुकानात जाऊन 'एक चांगलं बॉलपेन द्या' म्हटलं, तर दुकानदार बरणीकडे हात नेण्याआधी विचारतो, "कशासाठी पाह्यजे सर?" लिहायला, एवढं उत्तर त्याला पुरत नाही. पेपरासाठी, पावतीबुकासाठी, खिशाला लावायला, की कोणाला द्यायला? कोणाला ही चौकशी फाजील वाटेल. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो. आपण रोज लिहितो तरी काय, हे कबूल केल्याशिवाय पेन निवडता येत नाही.

कविता रोज कोणी लिहीत नाही, निदान लिहू नये. या गावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरलं. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते आणि २०१९ च्या जानेवारीत अरुणा ढेरे. मधल्या ४६ वर्षांत जिल्ह्यात पेनानं जे लिहिलं गेलं, त्यातलं बहुतेक सगळं संमेलनाच्या मांडवात वाचण्याजोगं नव्हतं. काटापट्ट्या, चुकाऱ्याच्या पावत्या, फेरफाराचे अर्ज, सोसायटीच्या कर्जाचे फॉर्म, लग्नातल्या आहेराच्या वह्या. आणि सह्या. ढिगानं सह्या.

कापसाच्या जिल्ह्यात पेनाची खरी परीक्षा कार्बनवर होते. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, तेव्हा खरेदी केंद्राबाहेर बंड्यांच्या रांगा लागायच्या. आत ग्रेडर, काटा, आणि काट्याशेजारी पावतीबुकात कार्बन सरकवून बसलेला कारकून. त्याचं अक्षर कसं आहे याची शेतकऱ्याला फिकीर नव्हती. क्विंटलचा आकडा खालच्या प्रतीवर उमटला की नाही, एवढंच तो वाकून बघायचा. चुकारा कधी हातात पडेल याचा भरवसा नसे आणि तोवर ती पावती हाच काय तो कापूस. फाउंटन पेन इथे कुचकामी. त्यावर जोर दिला की निबाच्या दोन तंगड्या फाकतात आणि खालची प्रत कोरीच राहते. बॉलपेननं अक्षर बिघडतं म्हणून शाळेत गुरुजी छडी उगारत होते, त्याच काळात जिनिंगमध्ये बॉलपेनवाचून पान हलत नव्हतं. यात गुरुजी हरले. पण अक्षराबद्दल ते म्हणत होते ते अगदीच खोटं नव्हतं, हे माझी वही पाहिली तर पटेल.

दुकानात मात्र कार्बन ठेवून कोणी पेन तपासत नाही. तिथे एक कागद असतो, बहुधा जुन्या बिलाची पाठकोरी बाजू, आणि त्यावर गावानं काढलेली गिचमिड. या कागदाचा कोणीतरी अभ्यास करायला हवा. शाळेची मुलं त्यावर आपलं नाव लिहितात. कॉलेजची मुलं आडवा आठ गिरवत राहतात. म्हातारी माणसं 'श्री' लिहून थांबतात, कारण पुढे काय लिहायचं ते ठरलेलं नसतं. आणि पन्नाशीचे पुरुष सही करतात. पूर्ण, झोकदार, खालच्या दोन टिंबांसकट, बँकेतल्या नमुन्याबरहुकूम. ओटीपी बायकोलाही न सांगणारा माणूस आपली सही दुकानातल्या फुकट कागदावर प्रत्येक पेनानं एकदा करून जातो, वर 'हे नाही बरोबर' म्हणतो.

माझं मत विचाराल तर तपासताना आकडे लिहावेत. ३ ला कमरेत वळण आहे, ५ ला आणि ९ ला गाठ आहे. रेघ तुटायची असली तर तिथेच तुटते. शिवाय आपण अक्षरांपेक्षा आकडेच जास्त लिहितो. आधारचे १२, मोबाईलचे १०, बँकेच्या आयएफएससी कोडची ११ घरं, त्यात पुन्हा शून्य की ओ हा घोळ. फॉर्मवरच्या त्या इवल्या चौकटीत १ मिलिमीटरच्या गोळीचं पेन चालवलं की ८ चा भोपळा होतो. ०.५ चं पेन चौकटीत नीट बसतं, पण पावतीबुकाच्या पातळ कागदावर जोर दिला की टोचतं. म्हणून मधलं, ०.७ चं बरं. यापेक्षा सखोल सल्ला मला देता येणार नाही आणि कोणी देऊ लागला तर त्याला काहीतरी विकायचं आहे असं समजावं.

त्या गोळीबद्दल मात्र थोडं बोललं पाहिजे. चांगल्या पेनात ती टंगस्टन कार्बाइडची असते, पोलादाहून कठीण. ती रहाटासारखी फिरते, आतल्या अंगानं शाई घेते आणि बाहेरच्या अंगानं कागदावर ओतते. कल्पना जुनी आहे. जॉन लाउड नावाच्या अमेरिकन माणसानं चामड्यावर खुणा करायला १८८८ सालीच गोळीच्या पेनाचं पेटंट घेतलं होतं, पण कागदावर ते भारी जाड चाले. मग हंगेरीतला एक पत्रकार, लास्लो बिरो, यात पडला. छापखान्यातली शाई चटकन वाळते आणि आपल्या पेनातली बाहीला लागते, हे त्याला खुपलं. छपाईची शाई निबातून उतरेना, म्हणून टोकाला गोळी आली आणि शाई जमवायला रसायनं जाणणारा भाऊ आला. १९३८ साली ब्रिटनमध्ये पेटंट झालं. पुढे बिरो अर्जेंटिनात गेला आणि तिथे आजही २९ सप्टेंबरला, त्याच्या वाढदिवशी, शोधकांचा दिवस पाळतात. युद्धात ब्रिटिश हवाई दलानं ही पेनं घेतली. उंचावर हवेचा दाब कमी झाला की फाउंटन पेन गळायचं, हे गळत नव्हतं.

आकाशात न गळणारं हे पेन मे महिन्यात दारव्हा रोडवर शर्टाच्या खिशात मात्र गळतं. पारा ४४-४५ वर गेला की शाई पातळ होते आणि वाट मिळेल तिथून उतरते. इथे आपल्याकडच्या पेनवाल्यांनी सांगायला हवी आणि कोणीच सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. टोपणाच्या पेनाची क्लिप टोपणावर असते, म्हणून खिशात लावलं की टोक वर राहतं. टिकटिक पेनाची क्लिप बटणाच्या बाजूला, म्हणून त्याचं टोक खिशात खाली. त्यातून टिकटिक करून बंद करायचं राहिलं तर पांढऱ्या शर्टावर जो निळा गोल उमटतो, तो मालकाबरोबर निवृत्त होतो. तेव्हा विदर्भात उन्हाळ्यात टोपणाचंच पेन वापरावं. टोक फार दिवस वर राहिलं तर शाई गोळीपासून सुटते आणि पेन रुसतं, हे खरं. पण अंगठ्याच्या नखावर चार वेळा घासलं की ते चालू होतं. आम्ही शाळेत रिफिल काढून मागून फुंकर मारायचो. वर्गात निळ्या ओठांची दोन-तीन मुलं कायम असायची.

टोपण चघळणारे तर सगळेच. टोपणाच्या शेंड्याला जे बारीक भोक असतं, ते शाई वाळू नये म्हणून असतं अशी आमच्या वर्गात ठाम समजूत होती. ते असतं घशात अडकलं तर श्वास चालू राहावा म्हणून. मुलं टोपण गिळणारच हे धरून केलेली ही सोय मला फार समंजस वाटते. पेनाच्या कांडीच्या पोटाला दुसरं भोक असतं, ते आत-बाहेर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. ज्या वस्तूला आपण दहा रुपये देतो, तिला दोन भोकंसुद्धा विचार करून पाडलेली आहेत. १९४५ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात पहिल्यांदा बॉलपेनं विकायला आली तेव्हा एकाची किंमत साडेबारा डॉलर होती आणि ती घ्यायला लोकांची झुंबड उडाली. आज बसस्थानकावरचा पोरगा एसटीत चढून दहा रुपयांत मूठभर देतो आणि आपण 'चालतात ना रे?' म्हणून त्याच्याकडे संशयानं बघतो.

एक पेन किती चालतं, याचाही हिशेब आहे. फ्रान्सच्या मार्सेल बिकनं १९५० साली पारदर्शक षट्कोनी पेन काढलं. त्याची कंपनी सांगते की एका पेनात दोन ते तीन किलोमीटर रेघ मावते. आमची शकुंतला रेल्वे यवतमाळहून मूर्तिजापूरला ११३ किलोमीटर जायची. म्हणजे रुळाशेजारून रेघ ओढत गेलं असतं तर अडतीस ते सत्तावन्न पेनं लागली असती, आणि शकुंतलेची चाल बघता माणूस फारसा मागे पडला नसता. अर्थात पेन संपलेलं मी क्वचित पाहिलं आहे. पेन हरवतं.

जेल पेनाबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. ते सुळकन चालतं हे मान्य. पण त्याची शाई पाण्यातली. जूनमध्ये पीक कर्जाचा अर्ज घेऊन माणूस भिजत बँकेपर्यंत पोचला की अर्जदाराचं नाव आणि वडिलांचं नाव एकमेकांत मिसळतात. बॉलपेनची शाई तेलकट, ती पावसाला जुमानत नाही. आता खोडता येणारं जपानी पेनही मिळतं. त्याची शाई साधारण ६० अंशांना रंग सोडते, म्हणून घासलं की अक्षर जातं. आमच्याकडे उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर मे महिन्यात ६० अंश सहज होतात. उधारीची वही तिथे ठेवावी की नाही, हे ती वही कोणाची आहे यावर ठरवावं.

खिशाला पेन लावण्याची ऐट अलीकडे कमी झाली. पूर्वी खिशावरून माणूस कळायचा. लाल पेन दिसलं की गुरुजी, हिरवं दिसलं की साहेब, आणि तीन-चार दिसली की पटवारी. तलाठ्याला आमच्याकडे अजून पटवारीच म्हणतात. त्याच्या पेनाला गाव वचकून असे, कारण सातबाऱ्यावर कापूस लिहायचा की तूर, ते त्या टोकावर होतं. आता १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकरी बांधावर उभा राहून आपलं पीक आपणच मोबाईलवर नोंदवतो, रेंज असली तर. पटवाऱ्याचा खिसा त्यामुळे हलका झाला असेल, पेनांपुरता तरी. आणि अभ्यासिकेत बसलेली मुलं पेनानं लिहीतच नाहीत, गोल भरतात. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या शंभर प्रश्नांना शंभर गोल. त्यांना रेघ बारीक की जाड याच्याशी देणंघेणं नाही, गोल किती सेकंदांत भरतो ते सांगा. त्यासाठी झिजलेलं, जाड चालणारं पेन जपून ठेवतात आणि आदल्या दिवशी देवापुढेही तेच ठेवतात.

राहता राहिला दुकानदाराचा शेवटचा पर्याय, कोणाला द्यायला. त्यात भेटवस्तूचं डबीतलं पेन येत नाही. ते तर कोणीच वापरत नाही, ते डबीसकट पुढच्या सत्काराला जातं. मी म्हणतो ते बँकेतलं देणं. काउंटरवर सुतळीनं बांधलेलं पेन असतं, पण सुतळी फॉर्मपर्यंत पोचत नाही आणि पोचली तर पेनात रिफिल नसते. मग रांगेत आवाज येतो, "काका, पेन आहे का?" नाही म्हणावं तर ते खिशातून डोकावत असतं. यावर जाणत्यांनी एक तोड काढली आहे. पेन द्यायचं, टोपण आपल्याकडे ठेवायचं. बोडकं पेन कोणी चुकून खिशाला लावत नाही. ही तोड आमच्या घरात पिढीजात आहे, आणि म्हणूनच आमच्याकडे टोपणांचा साठा चांगला आहे.

मार्चअखेरीस असंच बचत गटाच्या एका ताईंना पेन दिलं. त्यांनी सही केली, मग त्यांच्या अध्यक्षांनी, मग सचिवांनी, मग मागच्या एका आजोबांनी पासबुक उघडून ते मागितलं, आणि पेन रांगेतून मागे मागे सरकत दारापर्यंत गेलं. माझं काम उरकलं तरी मी टोपण हातात धरून उभा. शेवटी एका पोरानं धावत येऊन पेन आणून दिलं, "हे घ्या काका, तुमचा पेन." पेन माझं नव्हतं. कुठल्याशा कृषी केंद्राचं नाव छापलेलं होतं. स्लिपच्या पाठीवर ३, ५, ९ काढून पाहिले. सुरेख चालत होतं. मी पोराला शाबास म्हटलं आणि पेन खिशाला लावायला गेलो, तर टोपण बसेना.