पंधरा आकडे छापण्याची शास्त्रोक्त पद्धत

पहिल्या ओळीत १, दुसरीत १ २, तिसरीत १ २ ३, असा पाच ओळींचा त्रिकोण पडद्यावर उमटवायचा आहे. आकडे एकूण १५. पाच प्रिंटएफ लिहिले की काम दोन मिनिटांत उरकतं, आणि म्हणूनच त्याला मार्क नाहीत. आकडे लूपमधूनच आले पाहिजेत.

साहित्य: निळ्या पडद्याचा टर्बो सी (बोर्लंडनं तो १९८७ साली बाजारात आणला, कित्येक लॅबमधून तो अजून हललेला नाही) आणि आय व जे ही दोन अक्षरं. ‘ओळ’, ‘रकाना’ अशी समजतील अशी नावं देऊ नयेत. परीक्षकाला उगाच संशय येतो.

कृती: बाहेरचा लूप आयचा, एकपासून पाचपर्यंत. आतला जेचा, एकपासून आयपर्यंत. आत जे छापा, आतला लूप संपला की नवी ओळ. झालं.

आता मुख्य भाग, म्हणजे चुका. या प्रयोगात वाया काहीच जात नाही. प्रत्येक चूक हे दुसऱ्या कुठल्यातरी प्रश्नाचं बरोबर उत्तर असतं. जेऐवजी आय छापलात तर १, २२, ३३३ येतं. तो जर्नलमधला पुढचा प्रयोग, लगेच उतरवून ठेवा. आकडे ओळीगणिक पुन्हा एकपासून सुरू न करता पुढे मोजत गेलात, म्हणजे १, मग २ ३, मग ४ ५ ६, तर तो फ्लॉइडचा त्रिकोण. रॉबर्ट फ्लॉइड यांना १९७८ साली ट्युरिंग पारितोषिक मिळालं, ते यासाठी नव्हे.

आतल्या फॉरच्या कंसापुढे अर्धविराम पडला, तर लूप मुकाट्यानं रिकामा फिरतो आणि पाच ओळींत २, ३, ४, ५, ६ एवढंच उरतं. याचा प्रश्न अजून कुणी काढलेला दिसत नाही, पण धीर सोडू नये. आतल्या लूपमध्ये जे वाढवायच्या जागी आय वाढवलात, तर पडदा एकांनी भरून वाहू लागतो. अशा वेळी शेजाऱ्याकडे बघू नका, कंट्रोल-ब्रेक दाबा.

तोंडीला एक्स्टर्नल म्हणतील, “हाच उलटा करून दाखवा.” फक्त बाहेरचा लूप पाचपासून खाली आणायचा, आतल्याला हात लावायचा नाही. घाबरून दोन्ही उलटे केलेत, तर ५४३२१, ४३२१ असं उतरत येईल. तेव्हा ठाम आवाजात विचारावं, “सर, तुम्हाला नेमका कोणता उलटा हवा होता?”